आपल्या गावचा पूर कुठे लिहिलाय?

२६ जुलै २००५. सांताक्रूझ. २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. हा आकडा तुम्हाला पाठ असेल. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा जन्मलेही नव्हते, तरी तो माहीत असतो. दरवर्षी जुलैच्या शेवटी बातम्यांत येतो, रीलमध्ये येतो, स्पर्धा परीक्षेच्या गाइडमध्ये तर हमखास येतो.

आता पुढचा प्रश्न. त्याच दिवशी अंबरनाथ पूर्वेला किती पाऊस झाला? बदलापूरला? उल्हासनगरला?

घरातल्या मोठ्यांना विचारून बघा. मिलिमीटर कोणी सांगणार नाही. हात कमरेपाशी किंवा छातीपाशी नेतील आणि म्हणतील, ‘इथपर्यंत आलं होतं.’ कोणी तळमजल्यावरची गादी सांगेल, कोणी स्टेशनपासून रुळांवरून चालत आल्याचं सांगेल. आपल्या गावच्या आपत्तीचा इतिहास असा माणसांच्या हातवाऱ्यांत साठवलेला आहे. ती माणसं घर बदलून गेली, थकली, विसरली, की इतिहासही गेला.

आता तुम्ही म्हणाल, जाऊ दे ना, जुना पाऊस मोजून करायचंय काय? करायचंय बरंच. नाला किती रुंद हवा, पूल किती उंच हवा, नवीन टॉवरचं पार्किंग जमिनीखाली काढायचं की नाही, हे सगळं ‘इथे पाणी कुठवर येतं’ या एकाच प्रश्नावर ठरतं. उत्तर लिहिलेलं नसेल तर ज्याला जे सोयीचं ते तो ठरवतो. आणि पाणी येतं तेव्हा सगळ्यांना ते ‘अचानक’ आल्यासारखं वाटतं.

आधी नकाशा उघडा

मोबाइलवर मॅप उघडा आणि सॅटेलाइट व्ह्यू लावा. आपल्या पट्ट्यात दोन नद्या दिसतील. एक मोठी, उल्हास. ती राजमाची-लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावते, कर्जत, नेरळ, वांगणीवरून बदलापूरला येते, पुढे कल्याणच्या खाडीकडे जाते. दुसरी छोटी, वालधुनी. ती अंबरनाथजवळ काकोळ्याच्या डोंगराकडून निघते, अंबरनाथ पूर्वेतून, शिवमंदिराच्या कुशीतून वाहते आणि उल्हासनगर, विठ्ठलवाडी करत कल्याणला उल्हासला मिळते.

काकोळ्याला या वालधुनीवर रेल्वेने, म्हणजे तेव्हाच्या जीआयपी कंपनीने, वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून तलाव बांधला. आजही लोक त्याला जीआयपी टँकच म्हणतात. म्हणजे आज जिला आपण नाला म्हणतो, तिच्या पाण्यावर एकेकाळी रेल्वे चालत होती.

त्याहूनही जुनं साक्षीदार म्हणजे शिवमंदिर. शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातलं. गाभारा सभामंडपाच्या खाली, पायऱ्या उतरून जावं लागतं. जोराच्या पावसात मंदिराच्या आवारात पाणी शिरल्याच्या बातम्या अलीकडे तुम्ही वाचल्या असतील. मंदिर उभं राहिलं तेव्हा वालधुनीला दोन्ही अंगांना पसरायला मोकळी जमीन होती. मंदिर आणि नदी आपापल्या जागीच आहेत. मधली मोकळी जमीन तेवढी संपली.

उल्हासनगरची गोष्ट आणखी वेगळी. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराचा कॅम्प होता. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना त्या बराकींमध्ये ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली आणि नाव दिलं गेलं नदीवरून, उल्हासनगर. आज सुमारे १३ चौरस किलोमीटरच्या या शहरात, २०११च्या जनगणनेनुसार, पाच लाखांवर माणसं राहतात. 

आता एक साधं गणित करा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या १३ चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १३० कोटी लिटर पाणी होतं. मातीची जमीन असेल तर त्यातलं काही मुरतं. काँक्रीट, पेव्हर ब्लॉक आणि पत्रे असतील तर जवळजवळ सगळं वाहतं, आणि जायला वाट एकच, वालधुनी आणि तिचे नाले. त्याच वेळी खाडीला मोठी भरती असेल तर पुढून पाणी घ्यायलाच कोणी नसतं. मग ते मागे फिरतं, आपल्या गल्लीत.

तीन जुलै

उल्हास खोऱ्याचा अलीकडचा इतिहास बघायचा तर तीन जुलै पुरेसे आहेत.

पहिला २००५चा. मुंबईच्या गोष्टीत तो मिठी नदीचा पूर आहे. आपल्या गोष्टीत तो उल्हास आणि वालधुनीचाही आहे. त्या पावसाने नेरळ-माथेरानच्या मिनी ट्रेनचा मार्ग इतका उखडला की ती गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं. माथेरानच्या डोंगरावरून जे पाणी नेरळच्या बाजूला उतरलं, ते उल्हासमधून पुढे बदलापूरलाच येणार होतं.

दुसरा २०१९चा. २६ जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे, चामटोलीजवळ, पुराच्या पाण्यात अडकली. गाडीत सुमारे १,०५० प्रवासी. पहाटे उजाडलं तेव्हा चारही बाजूंना पाणी. २७ तारखेला एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आणि हवाई दल आलं, आसपासच्या गावातले लोक मदतीला धावले आणि दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर निघाले. देशभर चॅनेलवर दिसलेली ती गाडी तुम्हाला आठवत असेल. पण त्याच पाण्यात बदलापूर पश्चिमेचे हेंद्रेपाडा, वालिवली, रमेशवाडी हे भाग होते. त्यांच्यावर हेलिकॉप्टरचा कॅमेरा फार काळ थांबला नाही.

तिसरा २०२१चा. २२ जुलैला अंबरनाथ ते लोणावळा आणि टिटवाळा ते इगतपुरी रेल्वे बंद. त्याच दिवशी रायगडमध्ये तळीयेची दरड कोसळली, चिपळूण बुडालं. त्या मोठ्या बातम्यांच्या खाली बदलापूरचा पूर दोन ओळींचा झाला.

या तिन्हींत एक धागा आहे. अंबरनाथ-बदलापूरला पडलेल्या पावसाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, वर पडलेला पाऊस महत्त्वाचा असतो. कर्जत, माथेरान, लोणावळ्याच्या घाटात रात्री ढग रिकामे झाले की काही तासांनी बदलापूरला नदी वाढते. आपल्या खिडकीबाहेर नुसती रिपरिप असताना खाली पाणी चढत असतं. म्हणूनच पूर ‘अचानक’ वाटतो. खरं तर त्याला यायला वेळ लागलेला असतो, आपल्याला कळायला उशीर झालेला असतो.

बदलापूरच्या बंधाऱ्यावर, ज्याला सगळे बॅरेज म्हणतात, नदीची पातळी मोजली जाते. १६.५० मीटर ही इशारा पातळी, १७.५० मीटर ही धोक्याची पातळी. हे दोन आकडे ९४४पेक्षा आपल्या जास्त कामाचे आहेत. सांताक्रूझचा आकडा जुना झाला, बॅरेजचा आकडा दर पावसाळ्यात नवा असतो. जुलै २०२४मध्येही नदीने धोक्याची पातळी ओलांडली होती.

मुंबईचा आकडा, आपला पाऊस

मुंबईचा पाऊस किती झाला, हे रोज आपण कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन केंद्रांवरून ऐकतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाला तेव्हा कुलाब्याला झाला फक्त ७३. दोन केंद्रांत अंतर किती, तर वीस-पंचवीस किलोमीटर. एकाच शहरात एवढा फरक पडत असेल तर त्याहून लांब असलेल्या अंबरनाथने सांताक्रूझचा आकडा का वापरायचा?

तालुक्याच्या महसूल मंडळांमध्ये पाऊस मोजला जातो, कृषी विभागाच्या संकेतस्थळावर तो रोज दिसतोही. पण तो दिवसाचा एकूण आकडा. पुराचा खेळ तासांचा असतो. १५० मिलिमीटर पाऊस चोवीस तासांत झिरपत पडला तर आपण भजी तळतो, तोच दोन तासांत कोसळला तर घरातला फ्रीज टेबलावर चढवावा लागतो. रोजच्या आकड्यात हे दोन्ही दिवस सारखेच दिसतात.

हवामान खात्याची भाषाही एकदा समजून घ्या. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे ‘जोरदार’, ११५.६ ते २०४.४ म्हणजे ‘अति जोरदार’ आणि त्यावर ‘अत्यंत जोरदार’. यलो, ऑरेंज, रेड अलर्ट हे साधारण संपूर्ण जिल्ह्यासाठी असतात. ठाणे जिल्ह्याला रेड अलर्ट दिला आणि आपल्याकडे ऊन पडलं, की लगेच मीम फिरतं, ‘हवामान खातं म्हणालं पाऊस, म्हणजे छत्री घरी ठेवा.’ मीम भारी असतं. पण तो अलर्ट शहापूर, मुरबाडपासून मीरा-भाईंदरपर्यंतच्या जिल्ह्याचा आहे, आपल्या गल्लीचा नाही. २००५मध्ये मुंबईत डॉपलर रडार नव्हतं. आता कुलाब्याचं आहे, २०२२पासून वेरावलीचंही आहे. ढग कुठून येतोय हे बरंच आधी दिसतं. तो आपल्या ओढ्यात उतरल्यावर काय होईल, हे अजून कोणी आपल्याला सांगत नाही.

नुसतं पाणी असतं तर…

अंबरनाथ पूर्वेला राहणाऱ्याला पुराचा वास माहीत आहे. मोरिवली आणि आनंदनगरच्या एमआयडीसी याच बाजूला. वालधुनीचं पाणी कधी काळं, कधी लालसर दिसतं, हे कॉलेजला जाताना पुलावरून तुम्ही पाहिलंय. नोव्हेंबर २०१४च्या अखेरीला उल्हासनगरात वालधुनीत टँकरने रसायन ओतलं गेलं आणि त्यातून निघालेल्या वायूने शेकडो लोकांना रुग्णालय गाठावं लागलं. सप्टेंबर २०२४मध्ये एका रात्री मोरिवलीच्या एका रासायनिक कारखान्यातून वायू पसरला. शहरावर धूर उतरला, लोकांचे डोळे चुरचुरले, घसे खवखवले, रस्त्यावर समोरचं दिसेना.

याला नैसर्गिक आपत्ती म्हणता येणार नाही. पण हवामान यात भागीदार असतं. वारा पडलेला असला आणि जमिनीलगतची हवा थंड असली की धूर वर जात नाही, खालीच साचतो. आणि पावसाळ्यात वालधुनी पात्राबाहेर येते तेव्हा पात्रातलं सगळं घेऊन येते. मुंबईतल्या पुरानंतर लेप्टोची भीती असते. आपल्याकडे पुरानंतर त्याच्या जोडीला, पाण्यात काय काय होतं, हाही प्रश्न असतो. पूर आणि रसायन या दोन खात्यांच्या दोन वेगळ्या फाइली असतील, पण आपल्या पायाला ते पाणी एकच लागतं.

बाकीचे पाहुणे

पुराचं नाव मोठं, म्हणून बाकीचे धोके विसरायला नकोत.

उन्हाळा घ्या. मुंबईला दुपारी समुद्राचा वारा वाचवतो. तो आपल्याकडे पोहोचेपर्यंत उशीर होतो, कधी कधी पोहोचतच नाही. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये कुलाबा ३४वर असताना आपल्याकडे पारा कितीतरी वर असतो. शिवाय उष्णतेच्या लाटेचे निकष ठिकाणानुसार बदलतात. मैदानी भागाला निदान ४० अंश, किनारपट्टीला ३७, आणि वर नेहमीपेक्षा साडेचार अंशांची वाढ. दमटपणात ३७ म्हणजे काय, हे १६ एप्रिल २०२३ला खारघरला दिसलं. उघड्या मैदानावरच्या पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जण गेले. आपण मात्र मे महिन्यातल्या परीक्षा, इंटर्नशिप, पत्र्याच्या वर्कशॉपमधलं काम आणि ५२ सेकंदांत भरणारी लोकल हे सगळं ‘उकडतंय यार’ या दोन शब्दांत संपवतो.

वादळं समुद्राची, आपल्याला काय, असंही वाटतं. नोव्हेंबर २००९मध्ये फयान आलं. ३ जून २०२०ला निसर्ग श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकून आत रायगड-पुण्याकडे सरकलं. १७ मे २०२१ला तौक्ते मुंबईसमोरून गेलं. खाडीच्या आत असलेल्या गावांना लाटांची भीती नाही, वाऱ्याची आहे. झाडं, होर्डिंग, पत्रे, विजेच्या तारा. 

डोंगराचंही तसंच. ३० जुलै २०१४ला माळीण, १९ जुलै २०२३च्या रात्री माथेरानच्या दक्षिणेला इर्शाळवाडी. दोन्हीकडे माणसं झोपेत गेली. आपण ट्रेकला जातो त्याच या डोंगररांगा, आणि त्यांच्या पायथ्याशी आजही वाड्या आहेत. तुमच्या वर्गात त्या वाड्यांवरून येणारं कोणी असेल.

भूकंप? ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप मुंबईपर्यंत जाणवला होता. नोव्हेंबर २०१८पासून पालघरमध्ये डहाणू-तलासरीला छोटे धक्के बसत राहिले. आपला पट्टा भूकंपाच्या नकाशात वर्षानुवर्षं मध्यम धोक्याचा, झोन तीन, असा दाखवला गेला. मध्यम धक्का चांगल्या इमारतीला सहन होतो. पण मे २०२१मध्ये उल्हासनगरात दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसं मेली, तेव्हा जमीन हललीही नव्हती. कमकुवत बांधकामाला संकट लागत नाही, एखादा ओला पावसाळा पुरतो.

‘निसर्गाचा कोप’ म्हटलं की सुटका

आता मुद्द्याचं. या यादीत निसर्ग किती आणि आपण किती?

पाऊस निसर्गाचा आहे. पण पाणी कुठे साचणार, हे आपण ठरवतो. पाटबंधारे खातं, म्हणजे आजचा जलसंपदा विभाग, नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधे अटींवर परवानगी. बदलापूरला या रेषांवरून वाद झाले. एका बाजूला, आमच्या जमिनीची किंमत मातीमोल झाली म्हणणारे. दुसऱ्या बाजूला, दर दोन वर्षांनी तळमजला धुणारे.

यात खलनायक शोधणं सोपं आहे, ‘बिल्डर लॉबी’ म्हटलं की झालं. पण जरा थांबा. २००१मध्ये बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आत होती, २०११मध्ये पावणेदोन लाखांच्या जवळ गेली, आणि नंतरची वाढ तुम्ही रोज सकाळच्या लोकलमध्ये अंगावर घेता. ही माणसं आली कुठून? लालबाग-परळला परवडेना म्हणून, डोंबिवलीही महाग झाली म्हणून. कदाचित त्यांत तुमचे आईबाबा असतील. मुंबईत नोकरी आणि इथे घर, हा हिशोब त्यांनी नाइलाजाने केला. स्वस्त घर नदीकडेला का स्वस्त होतं, हे त्यांना ब्रोशरमध्ये कोणी सांगितलं नाही. तिथे ‘रिव्हर व्ह्यू’ लिहिलेलं होतं.

आणि प्रश्न विचारायचे कोणाला? अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपालिकांच्या निवडणुका २०१५मध्ये झाल्या, त्यानंतर थेट डिसेंबर २०२५मध्ये. मधली पाचेक वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. नाला साफ झाला का, हे विचारायला वॉर्डातला माणूस नाही, आणि याच काळात २०२१ आणि २०२४चे पूर आले. तुमच्यापैकी अनेकांनी अलीकडेच पहिल्यांदा मत दिलं असेल. प्रचारात स्टेशन, रस्ते, पाणी, पार्किंग सगळं आलं असेल. पूररेषा हा शब्द कितीदा ऐकलात?

तारीख, वेळ, उंची

इतिहास लिहायचा म्हणजे सावध राहायलाही हवं. इंटरनेटवर जगातल्या भीषण वादळांच्या याद्या असतात. त्यांत अनेक ठिकाणी ‘१८८२चं मुंबईचं चक्रीवादळ, एक लाख मृत्यू’ असं असायचं. अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा त्या काळच्या नोंदींत असं वादळच सापडलं नाही. कोणीतरी कधीतरी लिहिलं, पुढच्याने उतरवलं, आणि न झालेल्या वादळाला तारीख मिळाली. आपल्याकडे नेमकं उलटं आहे. झालेल्या पुराला तारीख नाही, उंची नाही, जागा नाही.

हे काम तुमच्या हातातलं आहे, आणि त्यासाठी इंजिनीअर असावं लागत नाही. ईव्हीएसचा प्रोजेक्ट सगळ्यांनाच असतो. प्लॅस्टिकबंदीवर नेटवरून उतरवलेली वीस पानं देण्याऐवजी आपल्या एका गल्लीचा पूर लिहा. तीन गोष्टी पुरतात: तारीख आणि वेळ, पाणी कुठवर आलं, आणि किती वेळाने उतरलं. जुन्या पुरासाठी पाच घरांत विचारा. एकाने सांगितलं तर आठवण, तिघांनी वेगवेगळं विचारल्यावर तेच सांगितलं तर नोंद. भिंतीवरच्या ओलीचा डाग, इलेक्ट्रिक मीटर वर सरकवल्याची खूण, दुकानदाराने वाढवलेला उंबरठा, हे सगळे पुरावेच आहेत. टेप लावून रस्त्यापासून उंची मोजा. फोटो काढताना चौकाचा बोर्ड फ्रेममध्ये घ्या.

एनएसएस युनिटने ठरवलं तर एका पावसाळ्यात अंबरनाथ पूर्वेचे वीस चौक होतात. विजेच्या खांबावर परवानगी घेऊन रंगाने रेघ मारता येते, बाजूला तारीख. जगातल्या कितीतरी जुन्या नदीकाठच्या शहरांत पुलांवर आणि घरांवर अशा रेघा आहेत. घर बघायला आलेल्या माणसाने ती रेघ बघितली, की ब्रोशरमधल्या ‘रिव्हर व्ह्यू’चा अर्थ त्याचा त्याला कळतो. 

ही नोंद नगरपालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला द्या, प्रत स्वतःकडे ठेवा. पोचपावती घ्या. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५मध्ये झाला, त्यात स्थानिक संस्थेवरही जबाबदारी आहे. तुमच्या शहराचा आपत्ती आराखडा माहिती अधिकारात मागता येतो. तो वाचा आणि बघा, तुमच्या गल्लीचं नाव त्यात आहे का. नसेल तर तुमच्याकडे आता टेपने मोजलेला आकडा आहे, आणि कागदावर आकडा ठेवला की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं.

यातून पूर थांबणार नाही. उल्हासला पाणी येणार, घाटात ढग फुटणार, खाडीला भरती येणार. पण पुढच्या वेळी बॅरेजवर १६.५० झाल्याचं कळलं की आपल्या गल्लीत पाणी यायला साधारण किती वेळ उरतो, हे तुम्हाला सांगता आलं, तर तेवढ्या वेळात समोरच्या चाळीतल्या आजी वर नेता येतील, बाइक पुलापलीकडे लावता येतील, मित्राला ‘आज कर्जत लोकल पकडू नकोस’ असा मेसेज टाकता येईल. सुरुवात आज घरापासून करा. जेवताना फक्त विचारा, २००५ला पाणी कुठवर आलं होतं? उत्तर आलं की टेप आणा.

पावसाळ्याआधी मोबाइलमध्ये

• बदलापूर बॅरेज: इशारा १६.५० मीटर, धोका १७.५० मीटर. पातळी विचारताना या दोन आकड्यांशी ताडून बघा.

• कर्जत, माथेरान, लोणावळ्याला रात्री किती पाऊस झाला, हे सकाळी आधी बघा. आपला पाऊस नंतर.

• जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, अग्निशमन १०१, कोणत्याही तातडीला ११२.

• ‘दामिनी’ ॲप विजेसाठी, ‘सचेत’ ॲप सरकारी इशाऱ्यांसाठी. दोन्ही फुकट आहेत.

• कल्याण-मुरबाड रस्त्याने येणाऱ्यांनी रायता पुलाची स्थिती विचारूनच निघावं. पाणी वाहत असलेल्या पुलावर बाइक घालू नये, मागे कितीही जण हॉर्न वाजवत असले तरी.